पांढऱ्या भिंतीचा पूर्वपक्ष

शास्त्रार्थाची एक शिस्त असते. आधी पूर्वपक्ष मांडायचा, तोही समोरच्यानं स्वतः मांडला असता त्याहून नेटका. मगच आपलं उत्तर. आर्ट गॅलरी कशी बांधावी आणि तिच्या रचनेची, आतल्या मांडणीची प्रेरणा कुठून घ्यावी, या प्रश्नाला ही शिस्त लावणं भाग आहे, कारण इथला पूर्वपक्ष लेचापेचा नाही. कितीतरी चित्रकार त्याच्या बाजूचे आहेत, गॅलरी चालवणारे आहेत, आणि जगभरच्या गॅलऱ्यांनी तो केव्हाच अमलात आणलाय: पांढऱ्या भिंती, एकसंध फरशी, छताच्या पट्टीवर सरकणारे दिवे, खिडकी नाही. उत्तरपक्ष माझा. माझं म्हणणं असं, की गॅलरीची प्रेरणा दुसऱ्या गॅलऱ्यांच्या फोटोंतून घेऊ नये आणि वाड्याच्या नक्षीदार खांबांतूनही घेऊ नये. ऊन, पाऊस, गर्दी आणि काम यांच्याशी ज्या इमारतींना रोज जुळवून घ्यावं लागलं, त्यांच्या छेदातून ती घ्यावी. छेद म्हणजे इमारत उभी चिरली तर जे दिसेल ते: उजेड कुठून उतरतो, छत किती वर आहे, माणूस कुठून आत शिरतो.

पूर्वपक्ष: मुळात गॅलरीला प्रेरणा हवी कशाला? प्रेरणा चित्रकारानं घ्यायची. वास्तुकारानं चित्राला जागा करून द्यायची, स्वतः पुढे पुढे करायचं नाही. न्यूयॉर्कचं गुगेनहाइम घ्या. फ्रँक लॉइड राइटनं शंखासारखा वळत जाणारा उतार बांधला आणि त्याच्या कडेनं चित्रं लावा म्हणाला. इमारत उघडली १९५९ साली. पण त्याच्या तीन वर्षं आधीच विलेम डी कूनिंग, फ्रान्झ क्लाइन यांच्यासह २१ चित्रकारांनी पत्र लिहून हरकत घेतली होती, की या कललेल्या, वळलेल्या भिंतींवर आमची चित्रं दिसायची कशी? आपल्या मुंबईतही तेच. जॉर्ज विटेटनं १९११ साली बांधलेलं कावसजी जहांगीर सभागृह १९९६ मध्ये राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय झालं. आत गोलाईच्या भिंती. सपाट चित्र आणि गोल भिंत यांचं कधी जमलंय? तुमची ती प्रेरणा भोगावी लागते चित्राला.

उत्तरपक्ष: हा हिशेब आधी मांडूनच टाकू, कारण तो तुमच्या बाजूचा आहे. भिंतीच्या गोलाईची त्रिज्या १० मीटर असेल आणि आतल्या बाजूनं २ मीटर रुंदीचं चित्र टांगलं, तर चित्राच्या दोन्ही कडा भिंतीला टेकतात आणि मधोमध ५ सेंटिमीटर पोकळी राहते. चित्र ४ मीटरचं झालं की पोकळी दुप्पट नाही, चौपट होते: २० सेंटिमीटर. म्हणजे जवळजवळ हाताची एक वीत. वरून दिवा टाकला की त्या फटीतून उजेड खाली गळतो आणि चौकटीच्या मागे भिंतीवर एक उनाड पट्टी उमटते, जी चित्रकारानं रंगवलेली नसते. गुगेनहाइमचा तेव्हाचा संचालक जेम्स जॉन्सन स्वीनी यानं अखेर धातूच्या दांड्यांवर चित्रं भिंतीपासून पुढे काढून लावली. तेव्हा राइटची चूक मला मान्य आहे. पण ती कुठल्या जातीची चूक आहे ते बघा. त्याच्या डोक्यात एक आकार आधी आला आणि चित्राची पाठ भिंतीला टेकायला हवी ही साधी गोष्ट मागाहून. प्रेरणा आकारातून घेतली की असं होतं. मुंबईचं प्रकरण वेगळं आहे. तिथे गोलाई कुणाच्या हौसेची नव्हती, ती सभागृहाबरोबर वारशानं आलेली. वास्तुकार रोमी खोसलांनी सभागृहाच्या पोटात मधोमध जिना घेतला, त्याच्या आधारानं अर्धगोल दालनं एकावर एक चढवत घुमटापर्यंत नेली, आणि ज्या जागेत एकेकाळी माणसं बसून भाषणं आणि गाणं ऐकायची तिथे चढत चढत बघायची सोय झाली. तिथे मोठी कॅनव्हासं अडतात, हे खरं. लहान चित्रं, कागदावरची कामं, शिल्पं अडत नाहीत. अडचण ओळखून मांडणी करणाऱ्याला ही इमारत काहीतरी देते.

आता तुमच्या पांढऱ्या भिंतीकडे येऊ. ती काही आकाशातून पडलेली नाही. एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या सलाँमध्ये रंगीत भिंतींवर जमिनीपासून छतापर्यंत चित्रं खेटून लावत. ज्याचा वशिला कमी त्याचं चित्र छताजवळ. व्हिएन्नाच्या बंडखोर चित्रकारांनी १८९८ साली योझेफ मारिया ओल्ब्रिखकडून स्वतःचं प्रदर्शनगृह बांधून घेतलं, तेव्हापासून मोकळ्या भिंतीची चव लागायला सुरुवात झाली. न्यूयॉर्कच्या म्यूझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये आल्फ्रेड बार यानं १९३० च्या दशकात चित्रं फिक्या कापडानं मढवलेल्या भिंतींवर, डोळ्याच्या उंचीला, एकाच ओळीत, दोघांत अंतर ठेवून लावली. पुढे कापड गेलं, पांढरा रंग आला. १९७६ मध्ये ब्रायन ओडोहर्टी यानं याच खोलीवर लेखमाला लिहिली आणि दाखवून दिलं की जिला आपण कोरी समजतो ती खोली एक पक्की विचारसरणी आहे. म्हणजे पांढऱ्या भिंतीलाही प्रेरणा आहेच: ठरावीक शहरांतली, ठरावीक काळातली, चौकटीत मावणारी चित्रं, आणि बाहेरच्या हवेशी नातं तोडून आतली हवा विकत घेण्याची ऐपत.

पूर्वपक्ष: असेल. पण जन्म कुठे झाला यावरून गोष्ट खोटी ठरत नाही. नाहीतर छापखानाही परत पाठवावा लागेल. पांढऱ्या भिंतीचा खरा गुण समतेचा आहे. अकोल्याहून पहिल्यांदा आलेला पोरगा आणि तय्यब मेहता, दोघांच्या चित्रांना तीच भिंत, तोच दिवा, तेच अंतर. नाव बघून भिंत बदलत नाही. सलाँमधल्या वशिल्याचं तुम्ही आत्ताच सांगितलंत. तो वशिला या भिंतीनं मोडला. तुम्ही चौक, चिरे, कौलं आणलीत की पुन्हा कुणाचं चित्र कुठे शोभतं, याच्या वाटाघाटी सुरू होणार.

उत्तरपक्ष: चांगला मुद्दा आहे, आणि चौकटीतल्या चित्रापुरता तो मी मान्य करतो. पण समता कुणाकुणात? वारली चित्र घ्या. ते मूळ घराच्या आतल्या भिंतीवरचं: शेणामातीनं सारवलेली, गेरूनं लाल केलेली भिंत, तिच्यावर तांदळाच्या पिठाची पांढरी रेघ, लग्नाचा चौक. जिव्या सोमा म्हसे यांच्यासारख्या कलावंतामुळे १९७० च्या दशकापासून ते शहरांत, मग परदेशांत पोचलं. पण पोचलं कसं? पांढऱ्या भिंतीवर पांढरी रेघ दिसणारच नाही, म्हणून कागदाला किंवा कापडाला मातीचा रंग देऊन, स्वतःची भिंत चौकटीत घालून बरोबर आणावी लागली. तेलरंगाचं चित्र फक्त स्वतः येतं. वारलीला घर उचलून यावं लागतं. ज्या भिंतीसमोर एकाला असं करावं लागतं आणि दुसऱ्याला नाही, तिला तटस्थ म्हणायला माझी जीभ रेटत नाही. दुसरं उदाहरण अगदी शहरातलं: अतुल डोडियांनी दुकानाच्या पत्र्याच्या शटरवर चित्रं केली. शटर खाली असताना एक चित्र दिसतं, वर गुंडाळलं की मागचं दुसरं. या कामाला खिळा नको, वजन पेलणारा आधार हवा, वरच्या गुंडाळीपुरती उंची हवी आणि ते उघडझाप करायला कुणीतरी हवं. मुंबईच्या रस्त्यावरून उचललेली वस्तू आहे ती. तिला चित्रांच्या ओळीत लावलं की ती चित्रासारखी वागते, शटरसारखी वागायची थांबते.

शिवाय तुमची समता भिंतीवरच्यांची झाली. दारातून येणाऱ्यांचं काय? काळा घोड्याची जहांगीर आर्ट गॅलरी यासाठी नीट बघावी. १९५२ साली दुर्गा बाजपेयींनी केलेल्या आराखड्यावर ती उभी राहिली. चित्रकार हेब्बर आणि शास्त्रज्ञ होमी भाभांनी सर कावसजी जहांगीर यांच्याकडे लकडा लावला म्हणून. आतल्या खोल्या तुमच्या मनासारख्या, साध्या. पण बाहेर काँक्रीटचा छज्जा फूटपाथच्या दिशेनं झेपावलेला आहे, आणि तिथेच या इमारतीचं शहाणपण आहे. पाऊस आला की माणूस त्याखाली उभा राहतो, दोन मिनिटांनी काचेतून आत बघतो, तिकीट नाही म्हणून आत शिरतो. बाहेर फूटपाथवर चित्रकार स्वतः चित्रं मांडून बसतात, त्यामुळे आत जाण्याआधीच चित्र बघण्याची नजर लागलेली असते. फोर्टातल्या जुन्या इमारतींच्या पहिल्या-दुसऱ्या मजल्यावरच्या खासगी गॅलऱ्या आतून किती का चांगल्या असेनात, त्यांच्या बंद दाराशी, घंटीच्या बटणाशी कितीजण थबकून परत फिरतात, याची नोंद कुणी ठेवत नाही. समता मोजायची तर तिथूनही मोजा. छज्जा ही प्रेरणा कुठल्या कलासंग्रहालयातली नाही. मुंबईतल्या प्रत्येक दुकानाला पावसाळ्यात तो लागतोच.

पूर्वपक्ष: म्हणजे शेवटी वळून तुम्ही तिथेच आलात. आता सागवानी खांब येतील, कोनाड्यात पणती, दारावर पितळी कड्या, फरशीला चिऱ्याचा नकली पोत. हॉटेलांचं हे करून झालंय. सुरमईच्या थाळीला ते शोभतं. चित्राला गुदमरायला होतं.

उत्तरपक्ष: इथे आपलं भांडणच नाही. ते नेपथ्य आहे. वाड्यातून घ्यायच्या तर दोनच गोष्टी घ्याव्यात, आणि त्या फोटोत येत नाहीत. एक म्हणजे खण: दोन तुळयांमधलं अंतर हे माप धरून सगळं घर मोजायची पद्धत. गॅलरीत असा एक कायमचा खण ठरवला, तर हलत्या भिंती, दिवे, पेट्या सगळ्या त्यात बसतात आणि दर प्रदर्शनाला सुताराशी नव्यानं झगडावं लागत नाही. दुसरी म्हणजे उजेडाची उतरंड: दिंडी दरवाजातला काळोख, ओसरीवरची सावली, चौकातलं आभाळ, माजघरातला संधिप्रकाश. डोळ्याला टप्प्याटप्प्यानं सवय होते. या पलीकडे वाड्याचं मला गॅलरीसाठी फारसं आकर्षण नाही. तो घरंदाज माणसांना बाहेरच्यांपासून राखण्यासाठी बांधलेला आहे आणि गॅलरीला नेमकं उलटं हवंय.

लेण्यांचंही तसंच. 'अजिंठ्यावरून प्रेरित' असं म्हणताना आकार उचलायचा की छेद, हे आधी ठरवावं लागतं. बाळकृष्ण दोशी मूळचे पुण्याचे, शिकले जे. जे. त. त्यांनी हुसेन यांच्यासाठी अहमदाबादेत १९९५ साली गुंफा बांधली: जमिनीत अर्धवट पुरलेले घुमट, फेरोसिमेंटचं पातळ कवच, वर चिनीमातीच्या तुकड्यांचा साज, आत वाकडेतिकडे खांब, सरळ भिंत औषधालाही नाही. देखणी वास्तू आहे, उन्हाळ्यात आत थंडावा आहे, अभ्यासाला जाणाऱ्या विद्यार्थ्यांची रीघ असते. पण तिथे चित्र टांगता येत नाही. हुसेननी कवचावरच रंगवलं, आणि दुसऱ्यांच्या प्रदर्शनांसाठी त्याच आवारात जमिनीवर वेगळं दालन ठेवावं लागलं. एका चित्रकाराची ती गुंफा झाली. गॅलरीचं काम शेजारच्या खोलीनं केलं. याच्या शेजारी लुई कान याचं टेक्सासमधलं किंबेल म्यूझियम ठेवून बघा. १९७२ सालचं, म्हणजे अहमदाबादेत त्याच्या आयआयएमचं बांधकाम चालू होतं त्याच काळातलं. टेक्सासचं ऊन आपल्या मराठवाड्यासारखं निर्दय. कान यानं लांबच लांब कमानी छतं घेतली, प्रत्येक छताच्या माथ्यावर एक फट ठेवली आणि फटीखाली बारीक छिद्रांच्या ॲल्युमिनियमचा पंख पसरला. ऊन फटीतून येतं, पंखावर आपटून उलटं वर जातं, काँक्रीटच्या पोटावर पसरतं आणि मग चंदेरी होऊन चित्रावर उतरतं. चित्रावर थेट ऊन पडत नाही, तरी बाहेर ढग आला हे आत कळतं. भिंती साध्या सरळ आहेत. ही छेदातली प्रेरणा.

असा छेद मुंबईकरांना टेक्सासहून आणायची गरज नव्हती. गिरणगावात तो मैलोगणती पसरलेला होता. साचाखात्यावरचं, म्हणजे मागांच्या दालनावरचं, करवतीच्या दातांसारखं छप्पर आठवा: एक बाजू उतरती, पत्र्याची किंवा कौलांची, दुसरी उभी, काचेची, आणि काचेची बाजू उत्तरेकडे. कारण साचेवाल्याला तुटलेला धागा दिसला पाहिजे. थेट ऊन आलं तर चमक येते, सावली पडते, धागा हरवतो. सगळ्या खात्यात सारखा, सावली न पाडणारा उजेड हवा. चित्रकाराच्या स्टुडिओला आणि गॅलरीला हवा असतो तोच हा उजेड, फक्त इथे तो कामगाराच्या नजरेसाठी तयार झाला होता. आणि तो जसाच्या तसा विलायतेहून आणून चालण्यासारखा नव्हता. लंडन-पॅरिसला दुपारचा सूर्य कधीच डोक्यावरून उत्तरेकडे जात नाही. मुंबई १९ अंश अक्षांशावर, त्यामुळे मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत इथला माध्यान्हीचा सूर्य उत्तरेकडे कललेला असतो. जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासून बहुधा ढग त्याला झाकतात. म्हणजे खरा त्रास तीन-चार आठवड्यांचा, आणि सूर्य तेव्हा इतका माथ्यावर असतो की काचेवर हात-दीड हाताचा छज्जा काढला तरी भागतं. हे गणित इथल्या हवेचं आहे, ते कुठल्या चकचकीत पुस्तकात सापडणार नाही. लंडननं २००० साली जुन्या वीजकेंद्राचं टेट मॉडर्न केलं आणि त्या सुमारे ३५ मीटर उंच टर्बाइन दालनामुळे एका नव्या प्रकारच्या कलाकृतीच जन्माला आल्या. ओलाफुर एलियासननं २००३ मध्ये तिथे सबंध दालन भरून कृत्रिम सूर्य उभा केला. ते काम दुसऱ्या कुठल्या खोलीत सुचलंच नसतं. आपण १९८२ च्या संपानंतर गिरण्यांचं काय केलं ते सांगायला नको. लोअर परळच्या फिनिक्स मिलचा मॉल झाला. धुरांडं राखलं, कारण ते फोटोत येतं. करवती छप्परं बहुतेक ठिकाणी गेली.

पूर्वपक्ष: गिरणीचं तुम्ही अर्धंच सांगितलंत. साचाखात्यात हवा मुद्दाम दमट ठेवत. कोरड्या हवेत सूत तुटतं म्हणून. कामगारांची छाती त्या दमट हवेनं आणि कापसाच्या धुळीनं भरली. ती हवा चित्रांना द्यायची? मुंबईच्या पावसाळ्यात हवेतली आर्द्रता नव्वदीपर्यंत जाते. कागदाला बुरशी, कॅनव्हासला सैलपणा, चौकटीला वाळवी. तुमचे वखारीप्रेमी लोक कोचीचं कौतुक सांगतात. बोस कृष्णमाचारी आणि रियास कोमू या मुंबईत घडलेल्या दोघांनी २०१२ मध्ये जुन्या वखारींत, ॲस्पिनवॉल हाउसमध्ये बिनाले सुरू केलं, छानच झालं. पण २०२२ मध्ये काय झालं? १२ डिसेंबरला उघडायचं ते ऐनवेळी २३ वर गेलं. कारणांत पाऊसही होता, आणि सहभागी कलावंतांनी जाहीर पत्र लिहून गळतीचं गाऱ्हाणं मांडलं. खिडकी नसलेला, यंत्राची हवा असलेला डबा कंटाळवाणा असेल. तो गळत नाही.

उत्तरपक्ष: या आक्षेपापुढे मला थोडं मागे सरावं लागेल, आणि सरतो. दमट हवेचं तर निर्विवाद. गिरणीतून छप्पर घ्यायचं, हवा नाही. जलरंग, छापचित्रं, जुने फोटो, वस्त्रं यांना ५० लक्सपेक्षा जास्त उजेड देऊ नये असा सर्वत्र दंडक आहे, तैलचित्रांना दीडशे-दोनशेपर्यंत चालतं; बाहेर मे महिन्यातल्या दुपारी लाखभर लक्स असतात. तेव्हा कागदासाठी आणि दुसऱ्या संग्रहालयांतून उसन्या आणलेल्या कामांसाठी तुमचा बंद डबा हवाच. माझा विरोध सबंध गॅलरी त्या डब्यात घालण्याला आहे. आज प्रदर्शनात येणारं बरंचसं काम दगडाचं, लोखंडाचं, मातीचं, पडद्यावरच्या चित्रफितीचं असतं. त्याला बुरशीचं भय नाही, उलट त्याला उंची, वजन पेलणारी जमीन, काळोख किंवा आभाळ हवं असतं. सगळी इमारत २२ अंशांवर थंड ठेवायची आणि त्यातल्या कोपऱ्यात एक ग्रॅनाइटचं शिल्प उभं करायचं, हा विजेच्या बिलाचा प्रश्न आहेच, पण गॅलरी उघडी कोण ठेवू शकतो याचाही आहे. भोपाळचं भारत भवन चार्ल्स कोरियांनी १९८२ मध्ये तलावाच्या उतारावर असं उतरवलं, की दालनं बंद आणि अंगणं उघडी. एकातून दुसऱ्यात जाताना डोळे निवतात. चित्रकार जे. स्वामिनाथन यांनी तिथे आदिवासी कलावंतांचं आणि शहरी चित्रकारांचं काम एकाच छपराखाली आणलं. त्या अंगणांशिवाय ते तितकं सहज वाटलं नसतं असं माझं मत आहे. गळतीबद्दल एवढंच, की ती जुन्या इमारतीची नियती नसते, ती डागडुजीच्या अंदाजपत्रकात असते. भायखळ्याचं भाऊ दाजी लाड संग्रहालय १८७२ सालचं. तेही खंगलं होतं; महापालिका, इन्टॅक आणि जमनालाल बजाज फाउंडेशन यांनी मिळून विकास दिलावरींसारख्या जाणकारांच्या हातून ते पाच वर्षांत सावरलं आणि २००८ मध्ये पुन्हा उघडलं.

आणि याच इमारतीत तुमच्या पहिल्या आक्षेपाचंही उत्तर आहे. आतून ती बोलकी नाही, बडबडी आहे: सोनेरी वेलबुट्टी, रंगवलेलं छत, ओतीव लोखंडाचे खांब, मातीच्या बाहुल्यांच्या काचपेट्या. तरी सुदर्शन शेट्टींनी २०१० मध्ये आणि अतुल डोडियांनी २०१४ मध्ये तिथे आपलं काम मांडलं, जुन्या वस्तूंच्या मधोमध, आणि ते हरवलं नाही. शांत खोलीत शांत राहून दाखवणं एक कौशल्य. गलक्यात आवाज न चढवता ऐकू जाणं दुसरं. कलावंताला दोन्ही येतं. पहिल्याचीच सोय करत राहणं हा त्याच्यावरचा अविश्वास झाला.

जाता जाता गर्दीचं. गॅलरीत माणूस कसा फिरेल यावर परदेशी ग्रंथ आहेत, पण लालबागच्या गणपतीच्या मंडपात दोन रांगा लागतात, नवसाची आणि मुखदर्शनाची, हे साऱ्या महाराष्ट्राला माहीत आहे. ज्याच्याकडे दिवस आहे त्याची वाट वेगळी, ज्याच्याकडे अर्धा तास आहे त्याची वेगळी, आणि दोघं एकमेकांच्या पायात येत नाहीत. आपल्या किती गॅलऱ्यांत घाईच्या माणसासाठी अशी वाट आहे? बहुतेक ठिकाणी पहिल्या खोलीतल्या भिंतीवरचा लांबलचक मजकूर वाचणाऱ्यांची कोंडी होते, आणि बाकीचे त्यांच्या खांद्यांवरून चित्र शोधतात.

पूर्वपक्ष: हे सगळं कोरिया, कान आणि महापालिकेच्या पैशाचं झालं. पुण्यात, नाशकात, कोल्हापुरात जो गॅलरी काढायला निघतो त्याच्या हातात काय असतं? इमारतीच्या तळमजल्यावरचा गाळा. बारा-पंधरा फूट रुंद, दहा फुटांवर स्लॅब, मध्ये तुळई आडवी, समोर शटर, तेही पश्चिमेला. तो कुठून छेद काढणार? त्याला पांढरा रंग परवडतो, बाकी काही नाही. तुमच्या प्रेरणेत त्याला जागा आहे का?

उत्तरपक्ष: त्याच्याचसाठी जास्त आहे. मुंबईतली एक महत्त्वाची गॅलरी गाळ्यातूनच उगवली. केकू गांधींचं केमोल्ड हे आधी चौकटींचं दुकान होतं, १९४१ पासूनचं; चौकटी करून घ्यायला येणाऱ्या चित्रकारांची चित्रं दुकानाच्या काचेत लागायला लागली. १९६३ मध्ये त्यांनी आणि खोर्शेद गांधींनी जहांगीरच्या पहिल्या मजल्यावर रीतसर गॅलरी काढली, २००७ मध्ये ती प्रिस्कॉट रोडवर मोठ्या जागेत गेली. सुरुवात झाली तेव्हा कुणी 'आर्ट स्पेस' शोधत नव्हतं. दुकानाची काच रस्त्याकडे होती आणि रस्त्यावरून माणसं जात होती, या दोन गोष्टींचा उपयोग करून घेतला गेला. गाळ्याला हेच लागू. त्याचा छेद लहान आहे, पण आहे. खोटं छत घालू नका. दहातले दीड फूट त्यात गमवून तुळई झाकण्यापेक्षा तुळई दिसू द्या आणि तिलाच भिंतींची विभागणी समजा, तोच तुमचा खण. पश्चिमेच्या उन्हासाठी काचेवर काळी फिल्म चिकटवली की आत चाललंय काय हे बाहेरच्याला कळतच नाही. त्यापेक्षा शटरबाहेर जमेल तेवढा छज्जा आणि आत पहिली सहा-सात फूट जागा बिनचित्रांची. तिथे उजेड कमी, एक बाकडं, पाण्याची सोय. बाहेरच्या लाख लक्समधून थेट दोनशेत आलेल्या डोळ्याला काही मिनिटं काहीच धड दिसत नाही, आणि तेवढ्यात पहिली दोन चित्रं वाया जातात; हे प्रत्येक गाळ्यातल्या गॅलरीत होतं आणि दोष जातो चित्रांकडे. सर्वांत जपायचं चित्र मागच्या भिंतीवर. कागदाचं काम असेल तर मागे आठ फुटांची एक बंद खोली, तिच्यापुरतंच वातानुकूलन. जमीन गुळगुळीत चकचकीत नको, दिव्यांची प्रतिबिंबं पायाखाली नाचतात. न घोटलेला काळा कडप्पा पुरे.

पूर्वपक्ष: आणि भिंत? शेवटी पांढरीच ना?

उत्तरपक्ष: मागची खुशाल पांढरी ठेवा. बाजूच्या भिंतींना मात्र घाईनं हात लावू नका. वर्षभरात कोणाकोणाची प्रदर्शनं घेणार ते आधी ठरवा आणि त्यांतल्या प्रत्येकाला गाळा रिकामा असतानाच बोलवा, सकाळी एकदा आणि चारच्या उन्हात एकदा. पहिलं प्रदर्शन डहाणूकडच्या एखाद्या वारली चित्रकाराचं निघालं, तर उजवी भिंत शेणमातीनं सारवून, गेरू देऊन त्याच्या हाती सोपवा, म्हणजे त्याला चौकट आणावी लागणार नाही. महिनाभरानं ती खरवडून, चुना देऊन पुढच्याला द्यायची. या सगळ्याचा खर्च छताच्या पट्टीवरच्या दोन-चार दिव्यांपलीकडे जाणार नाही, आणि सारवायचं कसं हे त्याच्या घरच्या बायकांना माहीत असतं. त्यांना त्या कामाची मजुरी वेगळी द्यायची.